दोन जादा पाटे

लातूर जिल्ह्यात डोंगर चढायची गाडी घेतली की लोक एकच प्रश्न विचारतात. आप्पासाहेब बिरादारांना तो पहिल्या आठवड्यात एकोणतीस जणांनी विचारला. "सर, गाडी झ्याक हाय. पण डोंगर कुठाय?"

आता आप्पासाहेब पडले कनिष्ठ महाविद्यालयात भूगोलाचे शिक्षक. हिमालयापासून अँडीजपर्यंतचे सगळे डोंगर त्यांनी बावीस वर्षं खडूने फळ्यावर उभे केले होते आणि तासाची घंटा झाली की डस्टरने भुईसपाट केले होते. निवृत्तीआधी एकदा तरी खऱ्या चढाला भिडायचं असं त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी त्यांनी चारही चाकं ओढणारी एक शेवाळी रंगाची जीप घेतली होती. नवी नव्हे, दुसऱ्या हाताची. पुढे दोन सीटा, मागे समोरासमोर दोन बाकं, आणि बाहेरून फावडं अडकवायला जागा. त्यांच्या पत्नी उज्वलाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, फावड्याच्या जागेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चढायची एवढीच हौस असेल तर आधी गच्चीवर चढा. टाकी धुवायची आहे."

बायकोच्या बोलण्याचं आप्पासाहेबांना काही वाटलं नाही. ते रोजचंच होतं. जिव्हारी लागलं ते आईचं बोलणं.

त्यांच्या आईंना, चांगुणाबाईंना, शहात्तरावं लागलेलं. पंचाहत्तरी ओलांडली की यष्टीत तिकीट पडत नाही हे कळल्या दिवसापासून त्या लातुरात कमी आणि यष्टीत जास्त राहायच्या. आधार कार्ड कायम कमरेच्या पिशवीत. ते त्या कंडक्टरला दाखवत, रिक्षावाल्याला दाखवत, आणि एकदा डॉक्टरांनी "कुठं दुखतंय, आजी?" विचारल्यावर त्यांनी आधी कार्डच काढून पुढे केलं होतं. अशा बाईला आप्पासाहेबांनी जीपच्या पुढच्या सीटवर बसवून शिरूर अनंतपाळला, म्हणजे गावी, नेऊन आणलं. जाताना अठरा खड्डे लागले, येताना तेच अठरा उलट्या क्रमाने लागले. परत आले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर चांगुणाबाई खाली उतरल्या, कंबर धरून सरळ झाल्या आणि त्यांनी निकाल दिला.

"यष्टी बरी, माय. ह्यात माणूस बसत न्हाई, उडतंय."

ओट्यावर हशा पिकला. आप्पासाहेब गाडीचा आरसा पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

त्यानंतर पंधरा दिवसांतच त्यांच्या लेकीचा, तनुजाचा, मेडिकलला नंबर लागला. घरात दोन वर्षं टीव्ही बंद होता तो सुरू झाला, पेढे वाटले गेले, तनुजा होस्टेलवर राहायला गेली, आणि चांगुणाबाईंनी जाहीर केलं की नातीसाठी माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलला होता, तो आता फेडायचा. दत्तजयंतीच्या आठवड्यात जाऊन आईची ओटी भरायची. "मी अन् भजनातल्या नऊ जणी यष्टीनं जाऊत. तुमी दोघं नवराबायको या तुमच्या उड्या मारत."

आता मात्र आप्पासाहेबांचा संयम सुटला. दारात स्वतःची जीप उभी असताना आई यष्टीने नवस फेडायला गेली, तर गल्लीत तोंड कुठे दाखवायचं? ते ओट्यावर उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आई, माहूरला तू माझ्याच गाडीत जाशील. आणि पोटातलं पाणी जरी हललं तरी ही गाडी मी विकून टाकीन!"

चांगुणाबाईंनी शेंग फोडली. "आमरेश, तू हाईस बरं का साक्षीला."

अमरेश स्वामी हे शेजारी. एकतीस वर्षं यष्टीच्या आरक्षण खिडकीत बसून निवृत्त झालेले. त्या खिडकीतून त्यांना गाड्यांची फक्त मागची बाजू दिसायची, पण यष्टीत होते म्हटल्यावर गल्लीत गाडीविषयीचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांनी जीपच्या खाली टॉर्च मारला, दोनदा "हं" केलं आणि रोग ओळखला. "सर, शॉकअप गेलेत. अन् गाडी बुटकी हाय. उचलावी लागंल."

गाडी उचलावी लागते हे आप्पासाहेबांनाही व्हिडिओवरून कळलेलं होतं. गोरा दाढीवाला माणूस येतो, जुने शॉकअप काढतो, नवे पिवळेधमक बसवतो, गाडी दोन इंच वर येते आणि मग दगडधोंड्यांवरून अशी जाते की दाढीवाल्याच्या हातातली कॉफी सांडत नाही. आप्पासाहेबांनी ती कॉफी तीनदा मागे घेऊन बघितली. खरंच सांडत नव्हती. त्यांनी तेच पिवळे शॉकअप मागवले.

ते यायला सव्वा महिना लागला. कुरियरवाल्याला पत्ता सापडेना, कारण आप्पासाहेबांनी भूगोलाच्या अभिमानापोटी पत्त्यात अक्षांश-रेखांशही लिहिले होते आणि तो ते फोन नंबर समजून लावत होता. शेवटी खोकं आलं, उघडलं, गल्लीने बघितलं. सिद्धम्मा नावाच्या उदगीरकडच्या बाई भजनात टाळ वाजवायच्या. त्यांनी एक शॉकअप उचलून तोलला आणि विचारलं, "अय्यो, ह्यात शेवया पडत्यात का?"

बसवायचे कुणी, हा पुढचा प्रश्न. लातुरातल्या तीन मिस्त्रींनी खोक्याकडे बघून हात झटकले. तेव्हा अमरेशांनी नांदेडचं नाव काढलं. "पिराजी मिस्त्री. मोंढ्याच्या मागं शेड हाय. अख्ख्या मराठवाड्यातल्या काळ्या-पिवळ्या त्याच्या हाताखालून गेल्यात." काळी-पिवळी म्हणजे गावोगावच्या माणसांना कोंबून नेणारी टपावर गाठोडी बांधलेली जीप. आप्पासाहेबांनी तेव्हाच या वाक्याचा नीट विचार करायला हवा होता. पण माणसाचं लक्ष पिवळ्या शॉकअपवर असलं की काळ्या-पिवळीकडे जात नाही.

पिराजी मिस्त्री हा काडीसारखा माणूस, तोंडात बडीशेप. त्याने शॉकअप फिरवून बघितले. "रंग लई झ्याक हाय, सर. बसवून देतो. मागचे पाटे बी बघून घेतो." पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर.

"बघा, बघा," आप्पासाहेब उदारपणे म्हणाले. "माझ्या आईला माहूरला न्यायचंय. वय झालंय. पोटातलं पाणी हलता कामा नये."

"माहूरला?" पिराजीने एकदम वर बघितलं. "आईसाहेबाला घेऊन? मग तर चिंताच सोडा. मी काय करायचं ते बराबर करून राहिलो."

आप्पासाहेब समोरच्या हॉटेलात तीन तास बसले. चार चहा झाले, एक वर्तमानपत्र जाहिरातींसकट झालं. परत आले तेव्हा जीप उभी होती ती अशी उंच, की त्यांनी आधी जॅक काढायचा राहिलाय का ते खाली वाकून बघितलं. जॅक नव्हता. गाडी स्वतःच्याच पायावर उभी होती, आणि मागून पुढच्यापेक्षा टीचभर जास्तच वर होती.

"बसंल, सर," पिराजी म्हणाला. "चार दिसांत बसंल."

नांदेडहून निघालेले आप्पासाहेब लोह्यापर्यंत आले तोवर त्यांची टोपी चार वेळा छताला लागली होती. आधी गाडी खड्ड्यात उडायची, आता ती खड्डा नुसता दिसला तरी उडत होती. व्हिडिओतला दाढीवाला या गाडीत असता तर कॉफी सोडा, दाढी सांडली असती. त्यातच लोह्याच्या अलीकडे एका साहेबांनी हात केला. मोटार वाहन निरीक्षक, पांढरीशुभ्र गाडी बाजूला लावलेली, डोळ्यावर काळा चष्मा. त्यांनी कागद बघितले नाहीत. ते थेट मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसले आणि बोटाने मोजू लागले.

"नऊ," साहेब म्हणाले. "कंपनी सात देते. हे दोन जादा पाटे कशाला?"

"कुठले जादा?" आप्पासाहेब खरोखरच चकित झाले.

"चोरटी प्रवासी वाहतूक करता?"

"साहेब! मी भूगोलाचा शिक्षक आहे!"

"मागच्या महिन्यात इतिहासाचे एक सापडले," साहेब शांतपणे म्हणाले. "अकरा सीट होते आत."

आप्पासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात त्यांनी परीक्षेत शेजारच्याचा पेपरसुद्धा बघितला नव्हता. शेवटी साहेबांना त्यांची दया आली असावी, कारण त्यांनी उपाय सांगितला: पाटे काढून घ्या, आणि तोवर बाँड पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणून द्या.

प्रतिज्ञापत्र तहसीलसमोरच्या लिंबाखाली टाइप झालं. 'मी, आप्पासाहेब बिरादार, वय वर्षे ४९, धंदा नोकरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर वाहनातून माझ्या घरच्या माणसांखेरीज कोणासही वाहून नेणार नाही.' टाइप करणाऱ्याने मान वर केली. "घरची माणसं किती? रकाना हाय इथं." आप्पासाहेब मोजू लागले. आपण दोघं, आई, तनुजा. शिरूरचे दोन चुलतभाऊ, त्यांची लेकरं. सण असला की बहिणी. मागे रांग वाढत होती. टाइप करणाऱ्याने वाट बघितली आणि रकान्यात आपल्याच मनाने टाकलं, 'अंदाजे.' साहेबांनीही ते तसंच शिक्का मारून घेतलं. सरकारी कागदात रकाना रिकामा नसला म्हणजे झालं.

घरी नवीनच पेच उभा होता. गाडी इतकी उंच झाली होती की चांगुणाबाईंचा पायच पोचेना. त्यांनी एक पाय वर टाकायचा प्रयत्न केला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "घोड्यावर बसायचं माझं वय गेलं, बाळा." तेव्हा उज्वलाबाईंनी आतून लाकडी स्टूल आणलं आणि ते सुतळीने गाडीला बांधून टाकलं, नेमकं त्या फावड्याच्या जागी. व्हिडिओतल्या एकाही गाडीला स्टूल नव्हतं. आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं.

मग त्यांनी पिराजीला फोन लावला आणि सगळा राग ओतला. पलीकडे घणाचे आवाज येत होते.

"सर, दोन पाटे मी माझ्याकडून टाकलेत, पैसा घेतला न्हाई," पिराजी म्हणाला. "तुमी म्हणले ना, माहूर. माहूरला कोणी एकटं जातंय का? कंपनीनं गाडी सहा माणसांची केली ते तिकडल्या हिशोबानं. आपल्याकडं सहा माणसं तर मडगार्डवर बसत्यात."

"अहो, पण माझ्या गाडीत तीनच माणसं असतात! ती उडते!"

"उडणारच. रिकामी गाडी उडत्याच. रिकामी पळवूच नका ना, सर."

"काढून द्या ते पाटे. मी उद्याच येतो."

"आता? कारखाने सुरू झालेत. उसाच्या ट्रका रांगेत उभ्या हाईत. पट्टा पडला की या." पट्टा पडणं म्हणजे ऊस संपून कारखाना बंद होणं, म्हणजे मार्च महिना. लातूरच्या मिस्त्रींनी तर पिराजीचं नाव ऐकूनच कान पकडले. एकाने बांधलेलं दुसऱ्याने सोडायचं नाही, हा त्यांच्यातला कायदा होता. दत्तजयंती दहा दिवसांवर आली होती.

"वजन टाका की मागं," अमरेश म्हणाले. हे मात्र पटण्यासारखं होतं. शिरूरच्या शेतातली ज्वारीची तीन पोती आली, मागच्या बाकांमध्ये आडवी टाकली, आणि काय आश्चर्य, गाडी एक बोट खाली बसली. औसा रोडवर आप्पासाहेबांनी तिला फिरवली तेव्हा ती खरोखर सुतासारखी सरळ चालली. दुसऱ्या गतिरोधकापर्यंत. तिथे खालचं पोतं बाकाच्या खिळ्यावर फाटलं, आणि मागचं दार नीट लागत नसल्याने ज्वारी रस्त्यावर सांडू लागली. आप्पासाहेबांना पत्ता नव्हता. ते खुशीत शीळ घालत होते. आरशात त्यांना एक शेळी दिसली, मग तीन दिसल्या, आणि गल्लीत वळले तेव्हा मागे सात शेळ्या रांगेने येत होत्या, त्यांच्या मागे काठी घेऊन त्यांचा मालक नरसिंग.

"सर असून असं करूलालाव?" नरसिंग दम खात म्हणाला. "दाणे टाकून शेळ्या पळवूलालाव?"

सगळी गल्ली बाहेर आली. आप्पासाहेब शपथा घेत होते, शेळ्या पुरावा खात होत्या. ती रात्र उज्वलाबाईंनी हसण्यात आणि आप्पासाहेबांनी भिंतीकडे तोंड करून काढली. सकाळी उठून त्यांनी जीपच्या काचेवर कागद चिकटवला: 'विकणे आहे.' दिलेला शब्द म्हणजे शब्द. चांगुणाबाईंनी तो कागद वाचायला लावला, ऐकला, आणि त्या परत शेंगा फोडायला बसल्या. मुलाचं तोंड बघून त्यांनाही वाईट वाटलं होतं. पण कंबरही त्यांचीच होती.

माहूरच्या दिवशी पहाटे चांगुणाबाई आणि नऊ जणी गाठोडी घेऊन बसस्थानकावर गेल्या. अमरेश त्यांना 'आपल्या ओळखीने' जागा करून द्यायला सोबत गेले. आप्पासाहेब आणि उज्वलाबाई निवांत निघणार होते. निघताना उज्वलाबाईंना देवघरात एक पिशवी दिसली. ओटीचं सगळं त्यात: हिरवं लुगडं, खण, नारळ, हळदकुंकू. ज्यासाठी जायचं तेच घरी राहिलेलं. दोघं जीप घेऊन धावले.

बसस्थानकावर दत्तजयंतीची गर्दी मावत नव्हती. गाडी फलाटावर होती, पण तुडुंब. कंडक्टर बिचारा हात जोडून सांगत होता, "आजी, चार जणींना कसंबी बसवतो. बाकीच्या दुपारच्या गाडीनं या." आणि दहाच्या दहा बायका एका सुरात सांगत होत्या की चार अन् सहा होणार नाही, भजन दहा जणींचं आहे, टाळ सिद्धम्माकडे आणि पेटी शिवकांताकडे. अमरेश आपली ओळख सांगत होते. त्या खिडकीत आता कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. गाडी निघून गेली.

चांगुणाबाई पिशवी हातात घेऊन उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांनी आईचा चेहरा बघितला. दोन वर्षं नात अभ्यासाला बसली की ही बाई उदबत्ती लावून तिच्या दाराबाहेर बसायची, हे त्यांना आठवलं.

मग चांगुणाबाईंनी जीपकडे बघितलं. "चला गं," त्या म्हणाल्या. "बसा समद्या."

"आई, कसं शक्य आहे? तेरा माणसं होतात! मी बाँडवर लिहून दिलंय, फक्त घरची माणसं."

"मग ह्या काय बाजारातल्या हाईत?" चांगुणाबाईंनी एकेकीकडे बोट दाखवलं. "सरजाबाई किल्लारीची, माझ्या जावेची बहीण. शिवकांता तुज्या मावळणीची नणंद. सिद्धम्मानं तुला लहानपणी न्हाऊ घातलंय. सोड ते स्टूल."

स्टूल सुटलं. दहा बायका एकामागून एक त्यावरून आत चढल्या. दोन्ही बाकं भरली, बाकांच्या मधली जागा भरली, पेटीवर सरजाबाई बसल्या, मागच्या पायरीवर अमरेश लोंबकळले. प्रत्येक बाईगणिक गाडी थोडी थोडी खाली जात होती. उज्वलाबाई शेवटी घुसल्या तेव्हा मागून 'कुर्रर्र' असा एक आवाज आला आणि मग गाडी शांत झाली. आप्पासाहेबांनी 'विकणे आहे'चा कागद काढला, कारण त्यामुळे समोरचं दिसत नव्हतं, आणि टोपी भुवयांपर्यंत ओढून गाडी सुरू केली.

पहिला खड्डा आला. त्यांनी डोळे मिटले. काही झालं नाही. दुसरा आला, तिसरा आला. गाडी नुसती झुलली, पाळणा झुलतो तशी. अहमदपूर गेलं. लोह्यापाशी आप्पासाहेबांनी श्वास रोखून दोन्ही बाजूंना पाहिलं, पांढरी गाडी नव्हती. नांदेड गेलं, भोकर गेलं. मागे टाळ वाजत होते, दशम्या सुटत होत्या, अमरेश प्रत्येक गावाला "थांबा अधिकृत हाय का बघा" म्हणून ओरडत होते. हिमायतनगरच्या पुढे आप्पासाहेबांना जाणवलं की शेजारून आवाज येत नाही. त्यांनी वळून बघितलं. चांगुणाबाई झोपल्या होत्या. मांडीवर ओटीची पिशवी, तोंड थोडं उघडं, मान डुलत होती. आपल्या डोळ्यांत पाणी आलंय हे आप्पासाहेबांच्या उशिरा लक्षात आलं, आणि रस्ता दिसेना म्हणून त्यांनी ते बाहीने पुसलं.

माहूरचा चढ आला तेव्हा त्यांनी चारही चाकं जोडली. बावीस वर्षं खडूने काढलेला घाट शेवटी चाकाखाली आला होता. तेरा माणसं, एक पेटी, सहा जोड टाळ आणि एक स्टूल घेऊन ती शेवाळी जीप वळणामागून वळण घेत वर चढली. "मुलांनो," ते सवयीने म्हणाले, "हा जो उतार दिसतो..." आणि मागून दहा बायकांनी एका सुरात विचारलं, "कुठं?"

ओटी भरली गेली. रात्री धर्मशाळेत भजन झालं. चांगुणाबाईंनी गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आप्पासाहेबांची विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतताना नांदेडला पाच जणी उतरल्या. कुणाची लेक तिथे दिलेली, कुणाचा भाऊ. अमरेशही साडूकडे म्हणून उतरले. सात माणसं उरली, आणि बसस्थानकासमोरच्या पहिल्याच खड्ड्यात गाडीने जुनं रूप दाखवलं. टोपी छताला लागली. चांगुणाबाई दचकून जाग्या झाल्या. त्यांनी कंबर धरली, मागची रिकामी जागा बघितली आणि मुलाकडे बघितलं.

"भर की रं कुनाला तरी. काल कशी गुणाची चालली होती गाडी!"

गुणाची. आप्पासाहेबांना एवढंच ऐकू आलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. क्षणभर त्यांना बाँड पेपर दिसला, शिक्का दिसला, कॉलेजचे प्राचार्य दिसले. मग त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि ज्या आवाजाने ऐंशी पोरांचा वर्ग गप व्हायचा त्या आवाजात आरोळी ठोकली.

"लातूर, लातूर, लातूऽऽर! चला बसा, निघाली गाडी!"

उज्वलाबाईंनी पदराने तोंड झाकलं. तोवर एक बाई पळत आलीच. "लातूर ना, दादा? आमची गाडी चुकली. दोघं हाव." तिच्या मागून दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला, साधा शर्ट घातलेला एक माणूस आला. काळा चष्मा नव्हता, तरी आप्पासाहेबांनी त्याला लगेच ओळखलं. त्यानेही आप्पासाहेबांना ओळखलं. मग त्याने सवयीने मागच्या चाकाकडे बघितलं आणि त्याचे ओठ हलले. नऊ.

आप्पासाहेबांच्या पोटातलं पाणी आता मात्र चांगलंच हललं.

"कोनत्या गावची गं तू?" मागून सरजाबाईंनी विचारलं.

"माहेर किल्लारी," ती बाई म्हणाली. "हरिओम मास्तरची लेक."

"अगं माय! हरिओम तर माझ्या चुलत दिराचा ल्योक! मंजे तू आमची नात झालीस. अन् हे जावई?" सरजाबाईंनी पदर सावरून घेतला. "सरका गं, सरका. जावईबापूला टेकायला जागा द्या."

"सर," साहेब हळूच म्हणाले, "ते प्रतिज्ञापत्र... घरची माणसं..."

"अंदाजे लिहिलंय, साहेब," आप्पासाहेब म्हणाले. "शिक्का तुमचाच आहे."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती केव्हाच आत जाऊन सिद्धम्माच्या हातची दशमी खात होती. त्यांनी पिशव्या आत दिल्या, स्टुलावर पाय ठेवला आणि मागच्या दारापाशी अर्ध्या बाकावर टेकले. गाडी अंगठाभर खाली गेली. पण अजून जरा उडत होती. अहमदपूरच्या अलीकडे एका फाट्यावर दोन म्हातारे हात करून उभे होते, आणि आप्पासाहेब त्यांच्याकडे न बघता पुढे निघाले. तेवढ्यात मागून पत्र्यावर दोनदा जोरात थाप पडली.

"थांबवा हो सर, थांबवा!" साहेब डोकं चोळत ओरडले. "दोघं घरचेच दिसत्यात!"